बंद करून चालू करणं वेगळं, पुसून टाकणं वेगळं

मागच्या पावसाळ्यात मिरजेला आत्याकडे गेलो, तेव्हा आदल्या दिवशी तिचा फोन अडकला होता. पडद्यावर चंद्रभागेचा फोटो दिसत होता, पण बोट फिरवलं तर काही हलेना. बाजूचं बटण दाबलं तरी पडदा विझेना, कुणी फोन केला तर रिंग वाजेना. जुना फोन असता तर मागचं झाकण काढून बॅटरी बाहेर काढायची, हे तिला ठाऊक होतं. या फोनला झाकणच नव्हतं. सकाळी ती बाजारातल्या दुकानात गेली. दुकानदाराने चार्जर लावून पाहिला आणि सांगितलं, "मावशी, सॉफ्टवेअर उडालंय. फॉरमॅट मारावा लागेल, तीनशे रुपये." तिने विचारलं, "बाकीचं सगळं राहील ना?" तो म्हणाला, "नंबर येतील परत." नंबर आले. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मात्र आल्या नाहीत. आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत आत्याने दुपारी तिच्या खाटेशी बसून त्या फोनवर भरून घेतल्या होत्या. एका ओवीत आजी मध्येच थांबून "पुढचं आठवंना गं" म्हणायची आणि आत्या तिला पहिला शब्द सुचवायची. ते रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेही ठेवलेलं नव्हतं. आठवडाभराने तोच फोन पुन्हा तसाच अडकला, तेव्हा मी तिथेच होतो. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं अशी दोन्ही बटणं एकदम पंधरा सेकंद दाबून धरली. फोन थरथरला, बंद झाला, पुन्हा चालू झाला, आणि त्यातलं काहीही गेलं नाही. आत्याने ते बघितलं. काही बोलली नाही.

फोनला, घड्याळाला, राउटरला रिसेटचं बटण असावं की नसावं, असावं तर कुठे आणि कसं, यावर वाद पुष्कळ होतो. तो ऐकताना मला दर वेळी आत्याची ती गप्प बसलेली मूर्ती आठवते. एक बाजू म्हणते की जुन्या संगणकाच्या डब्यावर पुढेच रिसेटचं बटण असायचं, तसं सरळ बटण द्या. दुसरी म्हणते की पोराटोरांचा हात लागून सगळा डेटा उडेल आणि चोरांचं फावेल, म्हणून ते जितकं लपलेलं तितकं बरं. दोघांचंही पटतं, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत आणि दोन्हींना रिसेट असं एकच नाव आहे. पहिल्याला अडकलेलं यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर यंत्र कारखान्यातून आलं तसं कोरं होणं आहे. एका कामात काही जात नाही, दुसऱ्यात काही उरत नाही. दुकानदाराने "फॉरमॅट मारावा लागेल" म्हटलं तेव्हा आत्याने मान डोलावली, त्यामागे हाच घोटाळा होता.

माझं म्हणणं असं. अडकलेलं यंत्र पुन्हा चालू करण्याची सोय प्रत्येक वैयक्तिक उपकरणावर हाताला लागेल अशी, सगळ्या कंपन्यांची एकसारखी आणि सॉफ्टवेअरवर अजिबात न विसंबणारी असली पाहिजे. पुसून कोरं करण्याची सोय त्या बटणाच्या आसपासही नसावी. ती ओळख पटवूनच मिळावी, काय जाणार ते मालकाच्या भाषेत सांगून मिळावी आणि ओळख पटत नसेल तर वाट बघायला लावून मिळावी. एकाच बटणात किंवा एकाच छिद्रात, केवळ दाबण्याच्या वेळेवर, ही दोन कामं ठेवणं हा सदोष उत्पादनाचाच प्रकार मानला पाहिजे.

हे मागणं फार मोठं नाही, याचा पुरावा आपल्या ओट्यावरच आहे. मिक्सरमध्ये ओल्या खोबऱ्याचं वाटण जास्त भरलं, मोटर तापली, की मिक्सर गप्प होतो. तेव्हा आई काय करते? जरा वेळ थांबते, मिक्सर तिरका करते आणि बुडाशी असलेलं लाल बटण दाबते. वाटण भांड्यात तसंच असतं. त्या बटणासाठी टाचणी लागत नाही, दोन बोटं दोन जागी ताणावी लागत नाहीत, मेकॅनिकही बोलवावा लागत नाही. मिक्सरची कंपनी बदलली तरी बहुतेक वेळा बटण बुडाशीच सापडतं. ज्या घरात पत्रिकेपासून विजेच्या बिलापर्यंत सगळं आता फोनवर येतं, त्या घरातल्या फोनला मिक्सरएवढी तरी समज नको का?

तशी ती आहे, फक्त लपवलेली आहे. फोनमध्ये वीजपुरवठा सांभाळणारी एक वेगळी चिप असते आणि पॉवर बटणाची जोडणी तिच्याकडे असते. बटण ठरावीक वेळेपेक्षा जास्त दाबलेलं राहिलं की ती मुख्य प्रोसेसरला न विचारता त्याची वीज तोडते आणि पुन्हा देते. म्हणून पडदा गोठलेला असला, ॲप अडकलेलं असलं, सगळी ऑपरेटिंग सिस्टिम निपचित पडलेली असली तरी हा मार्ग चालतो. साठवलेले फोटो, आवाज, संदेश यांना तो हात लावत नाही. त्या क्षणी लिहीत असलेला आणि जतन न केलेला मजकूर तेवढा जातो. मग अडचण कुठे आहे? ही कृती प्रत्येक फोनची वेगळी आहे, आणि एकाच कंपनीच्या फोनांतही ती बदलत गेली आहे. आयफोनमध्ये ६एसपर्यंत होमचं आणि पॉवरचं बटण धरायचं असे. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये आवाज कमी करायचं आणि पॉवरचं आलं. २०१७ च्या आयफोन ८ पासून आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, मग कमी करायचं दाबून सोडायचं, मग बाजूचं धरून ठेवायचं. तिजोरीच्या कुलपासाठी हे शोभलं असतं. सत्तर वर्षांच्या, बोटांना संधिवात असलेल्या बाईने हे घाबरलेल्या अवस्थेत आठवून करायचं आहे.

त्यात पॉवरच्या बटणावर कामांचा डोंगर चढला आहे. एकदा दाबलं की पडदा बंद. पटकन दोनदा दाबलं की अनेक फोनांत कॅमेरा. भरभर तीन-पाच वेळा दाबलं की संकटाचा संदेश. दाबून धरलं की पूर्वी फोन बंद व्हायचा, आता अनेक फोनांत बोलणारा सहायक उघडतो. ज्या बटणाचा अर्थ पन्नास वर्षांत जगभर रुजला, गोलात उभ्या रेघेचं चिन्ह लहान मूलही ओळखतं, त्याच्यापासून त्याचं मूळ काम काढून घेतलं गेलं. फोन बंद कसा करायचा हे शोधावं लागणारी आपली पहिली पिढी असेल. आणि बॅटरी काढण्याचा शेवटचा मार्ग बॅटऱ्या आत चिकटवल्या गेल्या तेव्हाच संपला. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. त्यामागचं कारण दुरुस्ती आणि कचरा हे आहे. पण त्याने आत्यासारख्यांना ठाऊक असलेला एकमेव उपाय परत मिळू शकेल, याचा उल्लेख मला कुठेच फारसा दिसत नाही.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं घेतो, कारण त्यात तथ्य आहे. चुकून बटण दाबलं जाण्याची भीती खरी आहे आणि तिचा इतिहासही आहे. १९७७ च्या ॲपल टू संगणकावर रिसेटची कळ रिटर्नच्या कळीच्या अगदी वर होती. ओळ संपवायला बोट गेलं आणि जरा वर पडलं की केलेलं काम गेलं. लोकांनी त्या कळीखाली वॉशर घातले. पुढे कंपनीनेही कंट्रोलची कळ सोबत दाबल्याशिवाय रिसेट होऊ नये अशी सोय केली. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्यासाठी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ठरवलं, त्यामागेही हाच विचार होता. आधी त्याने डिलीटऐवजी एस्केप घेतलं होतं. पण त्या तिन्ही कळा डाव्या बाजूला असल्याने एका हाताने चुकून दाबल्या जाऊ शकत होत्या, म्हणून दोन हात लागतील अशी जोडी त्याने निवडली.

पण या दोन्ही गोष्टींतून शिकायचं काय? दोन्ही ठिकाणी उपाय होता तो कृती मुद्दाम करावी लागेल असा. ती माहीतच होऊ नये असा नव्हता. मुद्दाम आणि गुप्त यांत फरक आहे, आणि आजची उपकरणं नेमकी इथे घसरली आहेत. रेल्वेच्या डब्यातली साखळी बघा. ती ओढली तर शेकडो माणसं घेऊन धावणारी गाडी थांबते. मग ती कुलपात ठेवली आहे का? टाचणी घालायच्या छिद्रात आहे का? ती लाल आहे, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी आहे आणि शेजारी ठळक अक्षरांत ओढायची कशी ते लिहिलेलं आहे. गैरवापर होतो, पुष्कळ होतो. त्यासाठी रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. रेल्वेने गैरवापराला उत्तर म्हणून साखळी लपवली नाही. कारण जिला ती खरोखर लागेल, ती बाई त्या क्षणी पुस्तिका वाचत बसणार नाही, हे रेल्वेला कळतं. फोन पुन्हा चालू होण्याने तर गाडी थांबण्याच्या तुलनेत काहीच बिघडत नाही. पोराने दहा सेकंद बटण धरलं, तर मिनिटभर फोन बंद राहील, एवढंच.

दोन हातांच्या युक्तीबद्दल एक सांगायला हवं. ब्रॅडलीची योजना टेबलावरच्या कळफलकासाठी ठीक होती. हातात धरायच्या फोनवर दोन टोकांची दोन बटणं एकदम दहा-पंधरा सेकंद धरणं एका हाताच्या माणसाला, कंपवात असलेल्याला, पक्षाघातातून उठलेल्याला जमत नाही. म्हणून मला एकच बटण आणि जास्त वेळ हा मार्ग बरा वाटतो. दहा सेकंद एखादं बटण चुकून दाबलेलं राहणं दुर्मीळ आहे आणि राहिलंच तरी नुकसान नाही. मात्र ती वेळ सगळीकडे एकच हवी, आणि माहीत हवी.

ती माहीत नसण्याची किंमत काय होऊ शकते याचं एक भयंकर उदाहरण मोटारींच्या जगात आहे. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका लेक्सस गाडीचा ॲक्सिलरेटर पायाखालच्या मॅटमध्ये अडकला. गाडी डीलरकडून तात्पुरती घेतलेली होती, सवयीची नव्हती. तिला फिरवायची किल्ली नव्हती, दाबायचं बटण होतं, आणि धावत्या गाडीत ते तीन सेकंद धरून ठेवलं तरच इंजिन बंद व्हायचं. चालवणारा वाहतूक पोलीस खात्यातला, म्हणजे रस्त्याची सवय असलेला माणूस होता. गाडीतले चौघेही गेले. कोणी बटण दाबलं का, किती वेळ दाबलं, हे सांगायला कोणी उरलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या रस्तासुरक्षा यंत्रणेने प्रस्ताव मांडला की सगळ्या गाड्यांत ही वेळ एकच, अर्धा सेकंद असावी. घाबरलेला माणूस बटण धरून ठेवत नाही, दाबतो, सोडतो, पुन्हा पुन्हा दाबतो, हे त्यामागचं साधं निरीक्षण होतं. फोन अडकल्याने गाडी दरीत जात नाही हे मान्य. पण ज्या फोनवरून रुग्णवाहिका बोलवायची तो रात्री दोनला अडकला, तर?

दाबण्याच्या वेळेवर सगळं सोपवण्याचा सर्वात वाईट नमुना घरातला राउटर आहे. मागे एक बारीक छिद्र असतं. अनेक राउटरांत थोडा वेळ दाबलं तर एक काम होतं आणि दहा सेकंद दाबलं तर सगळी सेटिंग पुसली जातात. काहींत तर नवीन उपकरण जोडायचं बटण आणि कोरं करायचं बटण एकच असतं. आमच्याकडे नेट बंद पडलं तेव्हा मदतवाहिनीवरच्या मुलाने सांगितलं, "मागच्या छिद्रात टाचणी घालून दाबून धरा." किती वेळ, हे त्याने सांगितलं नाही. आम्ही दिवे लुकलुकेपर्यंत धरलं. जोडणीचं नाव आणि पासवर्ड गेला, आणि तो पुन्हा भरायला माणूस यायला चार दिवस लागले. मुलीची परीक्षा त्या आठवड्यात ऑनलाइन होती. नव्वदच्या दशकातल्या पाम या खिशातल्या संगणकालाही पाठीवर असंच छिद्र होतं. पण त्याच्या काही मॉडेलांत लिहायच्या काडीचं टोक फिरवून काढलं की आत रिसेटची बारीक पिन मिळायची, आणि नुसतं छिद्र दाबल्याने काही पुसलं जात नसे. पुसायला पॉवरचं बटणही सोबत धरावं लागायचं आणि मग पडद्यावर विचारणा व्हायची. हा विवेक तेव्हा सुचला होता. तो पुढे का टिकला नाही?

दुसरा आक्षेप चोरीचा. पुसणं सोपं असेल तर चोर फोन कोरा करून विकेल, आणि अवघड असेल तर फोन विकताना आपलीच माहिती दुसऱ्याच्या हाती जाईल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. २०१३ मध्ये आयफोनमध्ये आणि २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये अशी सोय आली की फोन पुसला तरी जुन्या मालकाचं खातं दिल्याशिवाय तो नव्याने सुरू होत नाही. आपल्याकडे मे २०२३ पासून देशभर संचार साथी या सरकारी पोर्टलवरून हरवलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, बंद करता येतो. म्हणजे चोराला अडवण्याचं काम पुसण्याच्या बटणाकडून केव्हाच दुसरीकडे गेलं आहे. उलट २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले, तेव्हा कारखाना-रिसेट करूनही त्यांतून जुन्या मालकांची माहिती निघाली होती. तेव्हा पुसणं अपुरं होतं. आता फोनवरचा मजकूर कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो आणि पुसताना त्याची किल्लीच नष्ट होते. हे क्षणात होतं आणि पुसलेलं कुणालाच, मालकालाही, परत आणता येत नाही. पुसणं इतकं पक्कं झाल्यावर ते चुकून होऊ न देण्याची जबाबदारी वाढली की कमी झाली?

आत्याच्या दुकानदाराला तिचा पिन, म्हणजे फोन उघडायचा आकडा, लागला नाही, कारण बटणांच्या एका जोडीने उघडणाऱ्या मेनूतून अनेक फोन पिनशिवाय पुसता येतात. पिन विसरलेल्यांसाठी ती वाट ठेवलेली आहे आणि ती हवीच. पण तिथे चोवीस तासांची मुदत का नसावी? पडद्यावर उलटे तास दिसावेत, आणि तेवढ्यात मालकाने पिन टाकला तर पुसणं रद्द व्हावं. ज्याला फोन विकायचा आहे त्याला पिन माहीत असतो, त्याने तो टाकावा आणि लगेच पुसावं. जिला छळणाऱ्या नवऱ्यापासून आपलं काही तातडीने पुसायचं आहे, तिच्याकडेही पिन असतो. खोळंबा फक्त पिन नसलेल्याचा होईल, आणि तो विसरभोळा मालक असेल तर एक दिवसाने त्याचं काही अडत नाही. आत्याला तो एक दिवस मिळाला असता, तर मी पोचलो होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. चांगल्या यंत्राला रिसेट लागूच नये. बटण हाताशी दिलं की कंपन्या गबाळं सॉफ्टवेअर विकतील आणि म्हणतील, बंद करून चालू करा. यात तथ्य आहे, आणि ही सवय आपण रोज बघतो. पण रिसेट न लागणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. ४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा चालू होऊ लागला. एक महत्त्वाचं काम दुसऱ्या किरकोळ कामाच्या मागे अडकत होतं, आणि पहारा देणारा वॉचडॉग हा भाग संगणकाला अडकू न देता नव्याने चालू करत होता. दिवसाचं उरलेलं काम मागे पडायचं, पण यान हाती राहिलं, म्हणून पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवता आली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला, कारण वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनित्रांचे नियंत्रक एकदम बंद पडू शकत होते. तोडगा निघेपर्यंत विमानाची वीज मधूनमधून बंद करून पुन्हा चालू करायची होती. इतक्या काटेकोर माणसांना जे लागतं, ते दहा हजारांच्या फोनला लागणार नाही असं धरून चालणं म्हणजे भार पुन्हा आत्यावरच टाकणं आहे.

कंपन्यांच्या गबाळेपणाच्या या आक्षेपाला माझं उत्तर वेगळं आहे. फोनने आपल्या प्रत्येक सक्तीच्या रिसेटची तारीख नोंदवावी आणि मालकाला सेटिंगमध्ये दाखवावी. वॉरंटीत सहा महिन्यांत नऊ वेळा फोन असा चालू करावा लागला, हे ग्राहक आयोगापुढे ठेवता येईल असा पुरावा हवा. आज "असं कधीच होत नाही" म्हणणाऱ्या सेवाकेंद्राच्या काउंटरवर आपल्याकडे दाखवायला काहीच नसतं.

हे सगळं कंपन्यांवर सक्तीने लादता येतं का? आपण एकदा लादलेलं आहे. २०१६ मध्ये दूरसंचार विभागाने नियम केले आणि २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटाचं बटण बंधनकारक झालं. साध्या फोनवर ५ किंवा ९ धरून ठेवायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटकन तीनदा दाबायचं. कोणत्या बटणाने काय व्हावं हे तेव्हा सरकारने सगळ्या कंपन्यांना सांगितलं आणि त्यांनी केलं. त्याच नियमांत आणखी थोडं घालायचं आहे: पॉवरचं बटण दहा सेकंद धरलं की फोन कोणत्याही अवस्थेतून पुन्हा चालू झाला पाहिजे, त्याने काहीही पुसलं जाता कामा नये, आणि ही ओळ खोक्यावर, पहिल्यांदा फोन सुरू होताना पडद्यावर, आणि दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर मराठीत लिहिलेली असली पाहिजे. आत्याच्या नव्या फोनच्या कव्हरात मी तूर्त ती कागदाच्या पट्टीवर लिहून ठेवली आहे, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत.